पुस्तक येईल तेव्हा येईल, रविवारी काय करताय?

प्रश्न: ताई, माझं वय २६. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. आम्ही पाच मित्र दर रविवारी संध्याकाळी शहापुरात आमच्या माडीवर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळायचो. म्हणजे एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि कुठं अडलं की फासे टाकायचे. गोष्ट सांगणारा मी. गेल्या वर्षी एका नव्या गेमच्या पुस्तकासाठी परदेशात क्राउडफंडिंग निघालं, म्हणजे पुस्तक व्हायच्या आधीच लोकांकडून पैसे गोळा करायची मोहीम. पाच जणांनी वर्गणी काढून सहा हजार भरले, माझ्या कार्डावरून. पुस्तक दिवाळीला येणार होतं. मग शिमग्याला म्हणाले. आता पावसाळा झाल्यावर म्हणतात. येऊलालंय, येऊलालंय म्हणत वर्ष गेलं. रात्री एक-दोन वाजेपर्यंत मी अपडेट बघत बसतो. मागं एकदा वैतागून त्या लेखकाला नको ते लिहिलं, त्याचं आता वाईट वाटतंय. नवीन पुस्तक येणारच आहे तर जुन्या नियमांनी कशाला खेळायचं, म्हणून मे महिन्यात खेळ थांबवला. तसं बघायला गेलं तर आमची गोष्टही अडकली होती, आणि दोघांचं जरा वाजलं होतं. त्यातला एक आता पुण्याला जातो म्हणतोय. पोरं पैशांचं विचारतात. आई म्हणते, सहा हजार कागदावर घातलेस, आणि कागदसुद्धा अजून आला नाही. पैसे परत मागू काय? का थांबू? आणि हे वेड बरं आहे काय?
— फासेवाला, शहापूर

उत्तर: फासेवाल्या, वेडाचं आधी निकालात काढते. पाच तरुण पोरं रविवारी एका माडीवर बसतात, मोबाइल बाजूला ठेवतात आणि तीन-चार तास एकमेकांना गोष्ट सांगतात, याला वेड म्हणायचं असेल तर ते बेळगावात आणखी थोडं पसरायला माझी हरकत नाही. आईला मात्र हे असं सांगून पटणार नाही. तिच्याकडे नंतर येते.

पुस्तकाला उशीर का होतो, हे तुला ठाऊक असणार. तरी लिहिते, कारण हा मजकूर तुझे मित्रही वाचतील आणि त्यांच्यातल्या एकदोघांना नक्की वाटत असेल की पुस्तक छापून तयार आहे आणि कुणीतरी मुद्दाम दाबून ठेवलंय. नियमांचं पुस्तक कादंबरीसारखं सरळ लिहून संपत नाही. तुमच्या शॉपमध्ये ड्रॉइंगवर एक माप बदललं की त्याला बसणारे चार पार्ट बदलावे लागतात, तसंच हे. एका पानावर तलवारीचा वार वाढवला की दुसऱ्या पानावर राक्षसाची ताकद वाढवायची, मग तिसऱ्या पानावर राक्षसांची संख्या कमी करायची. आणि हे सगळं खरंच जमतं का, ते लोकांकडून खेळवून घेतल्याशिवाय कळत नाही.

या प्रकारातल्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाचं, डंजन्स अँड ड्रॅगन्सचंच घे. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे कच्चे नियम लोकांना चाचणीसाठी दिले मे २०१२ मध्ये. पुस्तकं आली २०१४ मध्ये, तीही एकदम नाहीत. खेळाडूंचं ऑगस्टमध्ये, राक्षसांचं सप्टेंबरमध्ये आणि गोष्ट सांगणाऱ्याचं, म्हणजे तुझं, डिसेंबरमध्ये. पुढं त्याच नियमांची डागडुजी करायची म्हटली, तर पुन्हा तेवढाच वेळ. चाचणी सुरू ऑगस्ट २०२२ ला, पहिलं पुस्तक सप्टेंबर २०२४ ला, दुसरं नोव्हेंबरला आणि तिसरं उजाडलं फेब्रुवारी २०२५ मध्ये. ही पगारी माणसं ठेवणाऱ्या, स्वतःचे संपादक आणि चित्रकार असणाऱ्या कंपनीची गत. तुम्ही पैसे भरलेत तिथं बहुतेक दोन-तीन माणसं असतील, आणि त्यातला एक दिवसा दुसरी नोकरी करत असेल.

बरं, पैसा जास्त आला की काम लवकर होतं, असंही नाही. एक्झाल्टेड नावाच्या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी २०१३ मध्ये लोकांनी ६ लाख ८४ हजार डॉलरच्या वर पैसे भरले. पुस्तक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देतो म्हणाले होते. ते बाजारात आलं २०१६ मध्ये. पैसे वाढले की आश्वासनं वाढतात: आणखी एक नकाशा, आणखी पन्नास पानं, सोनेरी कडा असलेली वेगळी प्रत. कबूल करताना कुणाला काही वाटत नाही. तेव्हा दिवाळी हुकली म्हणजे आपण फसलो, असं लगेच धरून चालू नकोस.

आता पैशांचं. क्राउडफंडिंगमध्ये पैसे भरणं म्हणजे दुकानात वस्तू घेणं नव्हे. किकस्टार्टरसारख्या वेबसाइटवर मोहीम संपली की पैसे थेट करणाऱ्याच्या हातात जातात, आणि परत द्यायचे की नाही हे पुढं त्याच्यावर असतं. मागायला हरकत नाही, काही जण देतातही. पण मागण्याआधी एक गोष्ट बघ. शेवटच्या दोन-तीन अपडेटमध्ये काय आहे? मजकूर संपादकाकडे गेला, पानं लागली, छपाईचं प्रूफ आलं, असं ठोस काही असेल आणि मागच्या वेळेपेक्षा काम पुढं सरकलेलं दिसत असेल, तर थांब. नुसतं ‘आम्ही मेहनत करतोय, तुमच्या प्रेमाबद्दल आभार’ एवढंच असेल आणि दोन-दोन महिने शांतता असेल, तर सभ्य भाषेत एक मेल टाकून पैसे परत माग. मिळाले तर मिळाले.

थांबायचं ठरवलंत तर दोन कामं आत्ताच उरक. एक, पीडीएफ कधी मिळणार ते विचार. कागदी पुस्तकाच्या कितीतरी आधी वाचकांना फाईल द्यायची या धंद्यात पद्धत आहे. ती मिळाली तर कॉलेज रोडवर कुठंही झेरॉक्स काढून स्पायरल मारून घे, तुमचं रविवारचं काम भागेल. दोन, पोस्टेजचं बघ. पुष्कळ ठिकाणी टपालाचा खर्च पुस्तक तयार झाल्यावर वेगळा घेतात, आणि जाडजूड बांधणीचं पुस्तक अमेरिकेहून यायचं म्हणजे तो आकडा पोटात गोळा आणतो. वर परदेशी पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के सीमाशुल्क आहे. पार्सल आलं की कुरिअरवाला आधार किंवा पॅन मागतो, त्यामुळे पत्त्यावर टोपणनाव घालू नकोस. तुम्हा लोकांना पात्रांची नावं घालायची हौस असते.

आणि हे सगळं चौघांना लिहून दे. तोंडी नको. किती भरले, कधी भरले, शेवटचं अपडेट काय म्हणतं, पोस्टेजला अंदाजे किती लागतील आणि ते कोण देणार. पोरं पैशांचं विचारतात ती बाराशे रुपयांसाठी नव्हे. तू काही बोलत नाहीस म्हणून विचारतात. कार्ड तुझं, म्हणून उशिराची लाज तू एकट्यानं अंगावर घेतलीस आणि गप्प बसलास. वर्गणी गोळा करणाऱ्यानं गप्प बसलं की काय होतं, हे गल्लीत वाढलेल्या पोराला मी सांगायला नको.

यातच आईचं अर्धं उत्तर आहे. सहा हजार कार्डावरून गेले, तिनं तेवढेच बघितले. तुझे त्यातले बाराशे. हे तिला सांगितलंस का? पत्रावरून तरी सांगितलेलं दिसत नाही. उरलेलं अर्धं उत्तर असं, की पोरं घरी यायची तेव्हा ती चहा करत होती, खाली गलका ऐकू येत होता. आता पोरं येत नाहीत आणि मुलगा रात्री दोनला मोबाइलच्या उजेडात बसलेला दिसतो. अशा वेळी कुठलीही आई पैशांवरच बोलणार. दुसरं काय बोलायचं, तिला सुचत नसतं.

त्या रात्रीच्या जागरणाचं एकाच ओळीत सांगते: तिकडे ऑफिसं चालू असतात तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. तुझ्या जागण्यानं त्यांचं एक पानही पुढं जात नाही. अपडेट मेलवर येतंच, सकाळी डबा भरताना वाच. आणि लेखकाला जे लिहिलंस त्याबद्दल दोन ओळींत माफी माग. रागाच्या भरात लिहून गेलो, चुकलं, काम चांगलं करा. खाली कारणं लिहू नकोस, पुस्तक कधी येणार असंही त्याच पत्रात विचारू नकोस.

आता मला खरं म्हणायचंय ते. तुझ्या पत्रात एक वाक्य तू जाता जाता टाकलंयस, गोष्ट अडकली होती आणि दोघांचं वाजलं होतं. माझ्या मते तुझं सगळं पत्र तेवढंच आहे. पुस्तक दिवाळीला आलं नाही, तेव्हा तुम्ही खेळतच होतात. शिमग्याला आलं नाही, तेव्हाही खेळत होतात. खेळ थांबला मे महिन्यात, म्हणजे दोघांचं वाजल्यावर. नवीन पुस्तक हे निमित्त झालं, आणि निमित्त इतकं सोयीचं होतं की पाचांपैकी कुणीच हरकत घेतली नाही. भांडण मिटवायला नको, अडकलेली गोष्ट सोडवायला नको, ‘आता आपलं जमत नाही’ असंही कुणी म्हणायला नको. पुस्तक येईल आणि सगळं नव्यानं सुरू होईल. तुला ज्या अधीरपणाचा त्रास होतोय त्यातला निम्मा पुस्तकासाठी नाहीच, तो त्या चौघांसाठी आहे. आणि नवीन पुस्तकात चारशे पानं असली, तरी रुसलेल्या मित्राला फोन कसा करायचा याचा नियम त्यात नसेल.

वाट बघत खेळ थांबवायची चाल या छंदात मुळात नव्हतीच. डंजन्स अँड ड्रॅगन्स पहिल्यांदा आलं १९७४ मध्ये, हजार प्रती. त्याची मोठी, नवी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा राक्षसांचं पुस्तक आलं १९७७ च्या अखेरीस, खेळाडूंचं १९७८ मध्ये, आणि गोष्ट सांगणाऱ्याला ज्याची खरी गरज, ते आलं १९७९ मध्ये. मधल्या काळात लोक खेळले. राक्षस नव्या पुस्तकातले, नियम जुन्या पुस्तकातले आणि जिथं दोन्ही जुळेना तिथं स्वतःच्या डोक्यातले. मला तर वाटतं हा खेळ टिकला तो या ठिगळांमुळेच. छापलेलं वाचून वागायचं असेल तर व्यापार खेळावा की.

तुमच्याकडे तर सबबही नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा मोठा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना मोकळा आहे. उतरवून घ्या, छापा, बदला, मराठीत लिहून काढा, फक्त मूळ कुणाचं ते नमूद करा. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाचेही नियम इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आणि रात्री हात शिवशिवतच असतील तर आयर्नस्वॉर्न नावाचा २०१८ चा खेळ बघ, त्याची पीडीएफ फुकट आहे आणि तो एकट्यानंही खेळता येतो. अपडेटचं पान ओढत बसण्यापेक्षा बरा.

पण अडकलेली गोष्ट पुन्हा उघडू नकोस. ती जिथं अडकली तिथंच ते दोघं अडकलेत. एका संध्याकाळीत संपेल अशी नवी, छोटी गोष्ट काढ, आणि ड्रॅगन, बर्फाळ डोंगर, मधुशाळा वगैरे राहू दे बाजूला. आपल्याकडे खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथं एक दुर्मिळ जातीचं वटवाघूळ राहतं, रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ. बरीच वर्षं ते जगात फक्त तिथंच आहे असं मानत होते, पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. खऱ्या गुहेत जायचा विचारही करू नका, ते अभयारण्य आहे आणि वटवाघळांना माणसांचा त्रास होतो. माडीवरची गुहा मात्र तुमची.

आषाढाचे दिवस. चोर्ल्याकडच्या रस्त्यावर दरड कोसळलीय. वटवाघळं मोजायला गेलेला एक मास्तर तीन दिवस परतला नाही. चार पात्रं कंदील घेऊन गुहेच्या तोंडाशी उभी आहेत, आत उतरायला एकच दोर, आणि दिवस मावळायला अर्धा तास उरलाय. दिवस मावळला की थवा बाहेर पडणार, हे त्यांना ठाऊक आहे. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत वटवाघळांच्या थव्याला २२ हिट पॉइंट (किती मार सोसेल) आणि १२ आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) आहे, आणि थवा निम्म्यावर आला की त्याचा चावा आपोआप हलका होतो. पहिल्या पातळीच्या चौघांना दोन थवे पुरेत. हवं तर असं कर, की थवा मारण्यापेक्षा कंदील विझवून भिंतीला चिकटून उभं राहिलं तर तो वरून निघून जातो. हे तू सांगायचं नाहीस, मास्तरच्या भिजलेल्या वहीत सापडू दे. कुणीतरी ओरडेल ‘अरे दिवा विझीव की!’ आणि नेमका तोच फासा एक पडेल. तेव्हा माडीवर जो आरडाओरडा होईल तो खाली आईला ऐकू येऊ दे.

ज्या दोघांचं वाजलंय त्यांच्या पात्रांना त्या एकाच दोराला बांध. एकाचा पाय घसरला तर दुसऱ्याला फासा टाकावा लागेल. पण हे करण्याआधी दोघांना वेगवेगळं गाठून सरळ बोल. खेळातून भांडण मिटवायला जाणारे डीएम, म्हणजे तुझ्यासारखे गोष्ट सांगणारे, खेळही घालवतात आणि मित्रही. काय झालं होतं, कुणाचं चुकलं, याचा निवाडा करत बसू नकोस. ‘मे महिन्यापासून आपण बसलो नाही, मला करमत नाही, या रविवारी येतोस काय?’ एवढंच विचार. टिळकवाडीतल्या एखाद्या चहाच्या टपरीवर विचारलंस तरी चालेल, ग्रुपवर मेसेज टाकून मात्र नको. ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात आणि येत कुणीच नाही. त्यातला एक नाही म्हणाला तर तिघांना घेऊन खेळ. चौथ्याचं पात्र दोर धरून वर उभं आहे म्हणायचं. पुढच्या खेपेला त्याला यायला जागा राहते.

पुढं पुस्तक आलं की त्याची घाई करू नका. पहिल्या छपाईत चुका असतातच, मोठ्या कंपन्याही मागाहून शुद्धिपत्रकं काढतात. दोन-तीन रविवार नुसती पात्रं बनवून बघा, एखादी लढाई करून बघा. कदाचित तुम्हाला ते आवडणारही नाही, आणि बाराशे रुपयांत तेवढं कळलं तर ते महाग नाही. सुंदर चित्रांचं जाड पुस्तक घरात असणं हाही एक आनंद असतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

आणि पुण्याला जाणाऱ्याचं. तो गेल्यावर इंटरनेटवर रोल ट्वेंटी किंवा डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी खेळता येतं, पुष्कळ जण खेळतात. पण इंटरनेटवर टेबल जमायला आधी ओळख आणि सवय मुरलेली लागते, आणि तुमची सवय मे महिन्यापासून मोडलीय. तो जायच्या आधी जेवढे रविवार मिळतील तेवढ्यांत ती पुन्हा लागली तर पुढं निभेल. तो कधी निघणार ते तू लिहिलेलं नाहीस. तुलाही माहीत नसावं असा माझा अंदाज आहे. पैशांच्या हिशेबाच्याही आधी त्याला फोन करून ती तारीख विचार.